तिच्या खुर्चीपुढची रांग

दुबईतली आमची मराठी मंडळी लहान. शनिवारी संध्याकाळी चर्चच्या मोठ्या कंपाऊंडमधला एक हॉल आम्हाला मिळतो. शेजारच्या हॉलांत त्याच वेळी मल्याळी, फिलिपिनो, नायजेरियन अशा सगळ्यांच्या उपासना चालू असतात. भिंती पातळ आहेत, त्यामुळे आमच्या प्रार्थनेत कुणाचे तरी ड्रम वाजतच असतात. आमच्याकडचे लोक बहुतेक नगर, श्रीरामपूर, जालना या बाजूचे. थोडी कुटुंबं, आणि बाकी एकटे राहणारे पुरुष. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या कारखान्यांत कुणी वेल्डर, कुणी फोर्कलिफ्ट चालवणारा, कुणी पॅकिंगला. चौघं मिळून टॅक्सी करतात आणि इस्त्रीचे शर्ट घालून येतात.

मी नर्स आहे. त्याच भागातल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात माझी नोकरी. दिवसभर मी बीपी मोजते, पट्ट्या बांधते आणि उन्हाने चक्कर आलेल्यांना पाणी पाजते. त्यामुळे मंडळीत मला सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. माझ्या यजमानांना मात्र ‘दादा’ म्हणतात, कारण ते पेटी वाजवतात आणि गाणी सांगतात. एका गोदामात ते सुपरवायझर आहेत. मोठा आवाज, मोठं पोट, आणि कितीतरी वर्षांचं बीपी. रोज सकाळी मी विचारते, ‘‘गोळी घेतली?’’ ते म्हणतात, ‘‘घेतो ना.’’ आमचं लग्न बरंचसं याच दोन वाक्यांवर चाललं आहे, असं मला कधी कधी वाटायचं.

मंडळीतही मी हेच करत आले होते. दरवर्षी एकदा पाळकसाहेब मला उपासनेनंतर पाच मिनिटं देत. मीठ कमी करा, लोणचं-पापड आवरा, एनर्जी ड्रिंकचे डबे सोडा, छातीत दुखलं तर गॅस म्हणून बसू नका, असं मी सांगायची. लोक शांतपणे ऐकत, मग उठून बिर्याणीकडे जात. वरून लोणच्याची बरणी फिरे. दर शनिवारी हॉलमध्ये बीपी मोजायचं टेबल मांडू या, असंही मी पाळकसाहेबांना सुचवलं होतं. ते म्हणाले, ‘‘बघू, इन्शाल्ला.’’ इथे राहून पाळकांच्याही तोंडात तो शब्द बसला आहे आणि त्याचा अर्थ ‘नाही’ असा होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मग ती आली.

दार चुकून आली. इंग्रजी उपासना शोधत होती, ती आमच्या हॉलमध्ये शिरली आणि शेवटच्या रांगेत बसून राहिली. उंच, काळी, साठीच्या पुढची अमेरिकन बाई. डोक्यावर जांभळी हॅट, हॅटला साजेसे बूट. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण यजमानांनी पेटीवर सूर धरला तसा तिने तोंड मिटून खालचा सूर लावला, आणि तो इतका बरोबर लागला की पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. उपासना संपल्यावर यजमान तिच्याकडे गेले. पहिल्याच दिवशी ती दोघं हसत उभी होती आणि मी बिर्याणीच्या पातेल्याशी डाव घेऊन उभी होते.

तिची मुलगी इथल्या एका शाळेत शिकवते. मुलीला बाळ झालं म्हणून ती अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका लहान गावातून आली होती. स्वतः पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेली. दर आठवड्याला आधी इंग्रजी उपासना करायची आणि मग आमच्याकडे यायची. एकदा जेवताना तिने आमच्या पंगतीकडे नीट बघितलं आणि मला विचारलं, ‘‘तुमच्यात कितीजण असे अचानक गेलेत?’’ मी सांगितलं. गेल्या काही वर्षांत कामगारांच्या कॅम्पच्या खोलीत झोपेत गेलेले, साइटवर कोसळलेले, चाळिशीही न गाठलेले. ती मान हलवत राहिली. म्हणाली, ‘‘आमच्याकडेही असंच होतं.’’

तिच्या गावातल्या काळ्या लोकांच्या चर्चची गोष्ट तिने मला सांगितली. रविवारी उपासनेनंतर मोठं जेवण. तळलेलं चिकन, डुकराच्या चरबीत शिजवलेल्या पालेभाज्या, साखरेचा चहा. आणि दर महिन्याला कुणाची तरी अंत्ययात्रा. डॉक्टरांवर लोकांचा फार विश्वास नव्हता, आणि का नव्हता हे त्यांच्या आजोबा-पणजोबांनी भोगलेलं होतं. पण चर्चवर होता. म्हणून तिथल्या बायकांनी चर्चमध्येच बीपीची मशीन आणली. तिने फोनवर फोटो दाखवला. पांढरे युनिफॉर्म, पांढरे हातमोजे घातलेल्या म्हाताऱ्या बायका देवळाच्या द्वारपालांसारख्या ओळीने उभ्या. ‘‘डॉक्टरला जे सांगत नाहीत ते हिला सांगतात,’’ असं म्हणून तिने एका जाड चष्म्याच्या बाईवर बोट ठेवलं.

पुढच्या आठवड्यात ती पाळकसाहेबांना भेटली. काय बोलली मला माहीत नाही. पण त्यानंतरच्या शनिवारी उपदेश संपल्यावर पाळकसाहेबांनी कोट काढला, शर्टाची बाही वर केली आणि सगळ्यांसमोर खुर्चीत बसले. मला म्हणाले, ‘‘सिस्टर, या. आधी माझं मोजा.’’ मी पट्टा बांधला. बीपी चांगलंच वाढलेलं होतं. त्यांनी आकडा स्वतः मोठ्याने सांगितला आणि हसून म्हणाले की आजपासून माझ्या ताटात पापड दिसला तर काढून घ्यायचा. लोक हसले. मग एकेक करून उठले. रांग हॉलच्या दारापर्यंत गेली.

मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. वर्षानुवर्षं मी मागितलेलं टेबल हिला पंधरवड्यात मिळालं होतं, आणि मशीनसुद्धा माझीच होती.

कंपाऊंडच्या ऑफिसने सांगितलं होतं की परवाना असलेली नर्स बसणार असेल तरच परवानगी. म्हणजे माझ्याशिवाय तिचं पान हलणार नव्हतं. मी मोजायची, आणि शेजारच्या खुर्चीत ती बसायची. माणूस माझ्याकडे हात देई तो भिंतीकडे बघत. आकडा कळला की उठून तिच्याकडे जाई. ती त्याचा हात दोन्ही हातांत घेई आणि विचारी की आई आहे का, जेवण कोण करतं, झोप लागते का. तिचं इंग्रजी त्यांना कळत नसे, त्यांचं मराठी तिला कळत नसे. मध्ये मी. ती म्हणे, मीठ कमी कर बाळा. मी मराठीत सांगे, मीठ कमी करा. आणि तो माणूस मान हलवी, तिच्याकडे बघून. माझंच वाक्य, माझ्याच आवाजात, आणि त्याचं पुण्य तिच्या खात्यावर. कधी कधी ती चुकीचंही सांगायची. बिटाचा रस प्यायला की गोळी लागत नाही, असलं काहीतरी. ते मी भाषांतर करताना गाळायची आणि बरोबर तेच सांगायची. त्याबद्दलही ते तिलाच म्हणत, ‘‘थँक्यू, मावशी.’’

मावशी! महिन्याभरात ती सगळ्यांची मावशी झाली. मी इतक्या वर्षांनंतरही सिस्टरच. सिस्टर म्हणजे सुई, सिस्टर म्हणजे सिक लीव्ह.

घरीही सुटका नव्हती. एका दुपारी जेवताना यजमानांनी आमटीची वाटी बाजूला सारली आणि म्हणाले, ‘‘अगं, मीठ जरा कमीच टाकत जा. मावशी म्हणत होत्या, हळूहळू कमी केलं की जिभेला सवय होते.’’

म्हटलं, ‘‘मी काय म्हणत होते इतकी वर्षं?’’

‘‘तू पण म्हणायचीस,’’ ते म्हणाले आणि दही वाढून घेतलं.

आमची मुलगी तेव्हा बारावीत होती. तिने फोनवरून मान वर केली आणि म्हणाली, ‘‘मम्मा, इट्स नॉट अ कॉम्पिटिशन.’’ मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरातच घासली.

ती तरुण, देखणी असती तर सोपं झालं असतं. मत्सराला निदान ओळखीचं नाव तरी देता आलं असतं. पण ही गुडघे धरून उठणारी आजी. तिच्यावर जळते असं कुणाला सांगणार? माझ्या बहिणीला फोनवर सांगायला गेले तर ती म्हणाली, बरंच आहे की, तुझं काम हलकं झालं. मी फोन ठेवला.

मग तिने चालणं सुरू केलं. ऊन उतरलं की उपासनेआधी कंपाऊंडला फेऱ्या. मी यजमानांसाठी चालायचे बूट आणले होते ते कपाटात तसेच होते, डब्यातल्या कागदासकट. ते बूट त्यांनी स्वतः काढले. पार्किंगच्या कडेने ते, ती आणि मागे वेल्डर-फोर्कलिफ्टवाल्यांची फौज. मी टेबल मांडत असायची. खिडकीतून दिसायचं की ती दोघं पुढे चालली आहेत, तिने एखादं त्यांच्याकडचं गाणं धरलं आहे आणि हे मागून सूर देताहेत. माझ्याबरोबर शेवटचे केव्हा चालले होते ते मला आठवेना. घरी त्यांना म्हटलं की आपण दोघं जाऊ या रोज, बिल्डिंगच्या खाली. ते म्हणाले, ‘‘तू चालताना माझा श्वास मोजतेस.’’ ते चेष्टेत म्हणाले. मला लागलं.

त्या हिवाळ्यात एका शनिवारी मी हॉलमागच्या छोट्या स्वयंपाकघरात गेले. ती काकड्या चिरत होती. बिर्याणीबरोबर आता कोशिंबीर असे, तीही तिचीच कल्पना. मला बघून तिने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, ‘‘त्याने तुला सांगितलं का?’’

‘‘काय?’’

तिने हात पुसले आणि दार लोटलं. म्हणाली, ‘‘गोदामाचा जिना चढताना त्याच्या छातीत आवळल्यासारखं होतं. थांबलं की जातं. काही आठवडे चाललं आहे. मागच्या शनिवारी चालताना त्याने मला सांगितलं. मी त्याला म्हटलं, या आठवड्यात बायकोला सांग, नाहीतर पुढच्या शनिवारी मी सांगेन.’’

मला पहिल्यांदा काय वाटलं? मी नर्स आहे, आधी भीती वाटायला हवी होती. भीती नंतर आली. आधी वाटलं, हिला सांगितलं. मला नाही, हिला.

मग माझ्यातली नर्स जागी झाली आणि मी तिच्यावर तुटून पडले. ‘‘आठवडाभर थांबलात? आठवड्यात माणूस जातो. तुम्हाला कळतं का हे? तुम्ही पोस्टात होता.’’

तिने एकदाही अडवलं नाही. फक्त म्हणाली, ‘‘बरोबर आहे तुझं. मी थांबायला नको होतं.’’

यजमान पेटीचे भाते तपासत होते. मी त्यांना सगळ्यांसमोर काही बोलले नाही. म्हटलं, ‘‘अहो, गाडीची किल्ली द्या. आपण जरा जाऊन येऊ.’’ त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि किल्ली दिली. त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये पेटीशिवाय उपासना झाली.

वाटेत ते म्हणत राहिले की आता काहीच होत नाहीये. हॉस्पिटलमध्ये त्यांना ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली. एक मोठी रक्तवाहिनी बरीचशी बंद होती आणि तिथे स्टेंट घातला. डॉक्टर म्हणाले की वेळेवर आलात. कुणामुळे वेळेवर, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्यांना अँजिओग्राफीला आत नेलं तेव्हा ती आली. मी बोलावलं नव्हतं. हॅट नव्हती, डोक्याला साधा रुमाल बांधलेला. हातात डबा. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. ती भिंतीवरच्या आवाज बंद केलेल्या टीव्हीकडे बघत होती. मग, मी विचारलंही नसताना, बोलायला लागली.

तिचा नवरा ट्रक चालवायचा. सकाळी निघताना ठणठणीत, संध्याकाळी पेट्रोल पंपावर स्टिअरिंगवर डोकं टेकून गेलेला. दफनविधीनंतर गावातला न्हावी तिच्याकडे आला. त्यांच्याकडे पुरुष न्हाव्याच्या दुकानात तासन् तास बसतात, मनातलं सगळं तिथे बोलतात. तो न्हावी रडत म्हणाला, ‘‘त्याने मला सांगितलं होतं, छातीत दुखतं म्हणून. मी म्हटलं होतं डॉक्टरकडे जा. मला वाटलं तुला माहीत असेल.’’

‘‘तो मेला याचं दुःख नंतर झालं,’’ ती म्हणाली. ‘‘आधी त्या न्हाव्याचा मत्सर वाटला. माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांतलं खरं काय ते त्या माणसाकडे होतं. वर्षभर मी त्या रस्त्याने गेले नाही.’’

मी तिच्याकडे पाहिलं. तिला माझं सगळं दिसत होतं का? बहुधा पहिल्या दिवसापासून. मी डबा उघडला. आत उकडलेली रताळी होती, अळणी. आम्ही दोघींनी ती खाल्ली.

चर्चमध्ये मशीन आणायची कल्पना तिला तिथूनच सुचली, असं तिने सांगितलं. पहिली मशीन चर्चमध्ये आली आणि दुसरी त्या न्हाव्याच्या दुकानात, आणि तिथे मशीन ठेवायला ती स्वतः गेली.

यजमान घरी आल्यावर मी त्यांना चार-पाच दिवस काही विचारलं नाही. मग एकदा दुपारी त्यांच्या गोळ्या डबीत भरत असताना विचारलं, ‘‘मला का नाही सांगितलंत?’’

ते म्हणाले, ‘‘तुला सांगितलं असतं की तू लगेच नर्स झाली असतीस. घरात बायको राहिली नसती. मला तेव्हा भीती वाटत होती गं. त्या बाईला माझी काही काळजी करायची नव्हती, म्हणून तिला सांगता आलं.’’

मला राग यायला हवा होता, पण रडू आलं. ते उठून आले आणि डबी माझ्या हातातून घेऊन उरलेल्या गोळ्या त्यांनीच भरल्या. दोन चुकीच्या खणांत टाकल्या. त्या मी नंतर बदलल्या.

यानंतर माझा मत्सर गेला असं सांगता आलं तर बरं झालं असतं. तो गेला नाही. यजमान पुन्हा मंडळीत आले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पाळकसाहेबांनी मावशींचे आभार मानले. मग आठवण होऊन माझेही मानले. मीही टाळ्या वाजवल्या. तिच्या जांभळ्या हॅटकडे बघून मनात म्हटलं, आहेच ही अशी. पण आता मी तिच्याबरोबर चालायला जायला लागले होते. श्वास न मोजता चालायचं ते मी तिच्याकडून शिकले. जळायचं ते जळतच होते.

उन्हाळ्याआधी तिच्या मुलीचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ती सगळी परत गेली. निघताना तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, खुर्ची रिकामी ठेवू नकोस.

पहिले काही शनिवार फार वाईट गेले. लोक यायचे, आकडा घ्यायचे, शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचे आणि जायचे. एकाने तर तोंडावर विचारलं, ‘‘मावशी कधी येणार परत?’’ मी म्हटलं, ‘‘खलास, आता मीच.’’ मग मी मोजायचं काम मंडळीतल्या दुसऱ्या एका नर्सकडे दिलं आणि स्वतः त्या खुर्चीत जाऊन बसले. हात हातात घ्यायला मला जमेना. दवाखान्यात मी नाडी बघायला मनगट धरते, तसंच धरायची. तरी बसून राहिले. आई आहे का, जेवण कोण करतं, झोप लागते का, एवढंच विचारत राहिले.

अशाच एका शनिवारी, उपासनेआधी, श्रीरामपूरकडचा एक फोर्कलिफ्टवाला येऊन बसला. चाळिशीचा, अबोल माणूस. आईबद्दल विचारलं तर बोलेना. मग एकदम म्हणाला, ‘‘सिस्टर, डाव्या खांद्यातून कळ येते. छातीतून वर. गावाकडे बोलू नका कुणाला.’’

कधीपासून, केव्हा, किती वेळ, हे सगळं मी विचारलं. उद्याच्या उद्या कंपनीच्या इन्शुरन्समधल्या हॉस्पिटलात जायचं, आणि रात्रीत कळ आली तर थेट अॅम्ब्युलन्स, हे ठरवलं. त्याच्या खोलीतल्या जोडीदाराला बोलावून त्यालाही सांगितलं. मग म्हटलं, ‘‘आता बायकोला फोन लावा. इथूनच.’’

तो नको नको म्हणत होता. मी उठले नाही. शेवटी त्याने फोन लावला आणि त्याला बोलता येईना म्हणून स्पीकर चालू करून माझ्यापुढे धरला. मी कोण ते सांगितलं आणि शक्य तितक्या साध्या शब्दांत सगळं सांगितलं. घाबरू नका, उद्या तपासणी होईल, वेळेवर कळलं आहे.

पलीकडे कुठेतरी मोटारसायकल गेली. मग ती बाई म्हणाली, ‘‘म्हणजे त्यांनी तुम्हाला आधी सांगितलं.’’

तो आवाज मी ओळखला. त्यात भीती नव्हती अजून. भीती मागून येणार होती.

मी म्हटलं, ‘‘हो. तुम्हाला सांगायचा त्यांना धीर होत नव्हता. आता तुम्ही बोला त्यांच्याशी, मी जाते इथून.’’

मी स्पीकर बंद करून फोन त्याच्या कानाशी दिला आणि खुर्ची त्याला सोडून दाराशी जाऊन उभी राहिले. त्याने डोकं खाली घातलं होतं. तो फार थोडं बोलत होता आणि पुष्कळ ऐकत होता. रांगेतले लोक चुळबुळ करायला लागले. आत यजमानांनी पेटीवर पहिला सूर धरला होता आणि पाळकसाहेब घड्याळाकडे बघत मला म्हणाले, ‘‘यल्ला, चला सिस्टर, उपासना सुरू करायची ना?’’

मी म्हटलं, ‘‘थांबा जरा. त्यांचं बोलणं होऊ द्या.’’